पेरलेलं सगळं उगवत नाही

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आपा म्हणतो. २०१८च्या पावसाळ्यात तिच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमोथेरपी झाली, शेक झाले. केस गेले, वर्षभरात परत आले, तेही आधीपेक्षा कुरळे. घरात सगळे म्हणाले, सुटलो. त्यानंतर डॉक्टरांनी तिला रोज एक छोटी गोळी सुरू करून दिली आणि सांगितलं, ही पाच वर्षं घ्यायची.

पाच वर्षं संपत आली, तेव्हा तपासणीसाठी गेलो. डॉक्टर बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, आणखी दोन वर्षं चालू ठेवू या. आपा तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी तिच्या कपाटात औषधाच्या पट्ट्या सापडल्या, एकही गोळी न फोडलेल्या.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, सगळं काढून टाकलं ना डॉक्टरांनी? मग ही गोळी कशाला? या गोळीनं सांधे धरतात. सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. तू शिकलेला आहेस, सांग मला."

आता मी शिकलेला म्हणजे काय, तर मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला. कविता लिहितो. शब्दाचा अर्थ विचारला तर सांगेन, गोळीचा अर्थ मला कुठून ठाऊक असणार? पण आपाच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं, त्याला कारण आमची खाला.

खालाचं असंच ऑपरेशन १९९४ साली झालं होतं. ती पूर्ण बरी झाली. नातवंडं पाहिली. बारा वर्षांनी, २००६ साली तिची कंबर दुखायला लागली. वयाचं दुखणं म्हणून सगळ्यांनी तेल चोळलं, शेकलं, पट्टा आणून दिला. चार महिने गेले. ज्यांच्याकडं दाखवत होतो त्यांनीही बारा वर्षांपूर्वीचा आजार विचारला नाही आणि आम्हीही सांगितला नाही. शेवटी फोटो काढला, तेव्हा आजार मणक्यात उतरलेला होता. खाला शेवटपर्यंत एकच विचारत होती, "बारा वर्षं हा होता कुठं? माझ्याकडून काय चुकलं?" तिला कुणीच उत्तर दिलं नाही, कारण आमच्यापैकी कुणाला ते माहीतच नव्हतं.

मी आपाच्या डॉक्टर बाईंकडं एकटा गेलो. त्यांनी एका वाक्यात सांगितलं. म्हणाल्या, "गाठ काढता येते. गाठीतून आधीच निघून गेलेल्या पेशी काढता येत नाहीत, पण त्यांना झोपवून ठेवता येतं." त्या वाक्याच्या मागं मी लागलो. वाचलं, समजलं नाही ते पुन्हा त्यांना विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की स्तनातली गाठ स्तनातच राहिली तर तिच्यापासून जिवाला धोका क्वचितच असतो. जीव जातो तो ती गाठ हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन वाढली तर. डॉक्टर याला मेटास्टॅसिस म्हणतात, आपण फैलाव म्हणू. फैलाव म्हटलं की वाटतं, तेलाचा डाग कपड्यावर पसरावा तसं हे सहज होत असेल. तसं नाही. कर्करोगाच्या पेशीला हा प्रवास फार अवघड जातो. तिला गाठीतून सुटावं लागतं, आजूबाजूच्या मांसातून वाट काढावी लागते, रक्तवाहिनीची भिंत ओलांडून आत शिरावं लागतं, रक्ताच्या लोंढ्यात टिकावं लागतं, दूरच्या अवयवात उतरावं लागतं आणि तिथं परकी असूनही वाढावं लागतं. यातली एक पायरी चुकली की संपलं.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ आयझाया फिडलर यांनी १९७० साली हे मोजून दाखवलं. त्यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींना किरणोत्सर्गी खूण केली आणि त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. चोवीस तासांनी पाहिलं, तर त्यांतल्या एक टक्क्याहून कमी पेशी जिवंत होत्या. बाकीच्या रक्तातच संपल्या होत्या.

हे आपाला सांगितलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. तिचं सासर शेतकरी. ती म्हणाली, "पाभरीतून सुटतं तेवढं सगळं बी कुठं उगवतं? काही पाखरं टिपतात, काही मुंग्या नेतात. काही ओल नाही म्हणून तसंच पडून राहतं."

आपा पाचवी शिकलेली. पण तिनं जे सांगितलं, तेच लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या शल्यविशारदानं १८८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सेच्या नोंदी त्यानं तपासल्या. रक्ताबरोबर पेशी जातील तिथं गाठ होत असती, तर यकृतात आणि प्लीहेत सारख्या प्रमाणात गाठी दिसायला हव्या होत्या. दोन्हींना रक्त भरपूर मिळतं. पण यकृतात गाठी खूप होत्या आणि प्लीहेत अगदी मोजक्या. त्यावरून पॅजेटनं म्हटलं, की झाडाचं बी चहूकडं उडतं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं. कर्करोगाचा अभ्यास करायचा तर बी पाहा आणि मातीही पाहा.

पुढं जवळजवळ शंभर वर्षं शास्त्रज्ञांचं लक्ष बियाणाकडंच अधिक राहिलं. पेशी वाढते कशी, पळते कशी, याचा शोध चालला. मग हळूहळू उलटा प्रश्न पुढं आला: बहुतेक पेशींना हे जमत नाही, तर त्यांना अडवतं कोण?

अडवणारी पहिली गोष्ट म्हणजे पेशींचं एकमेकींना धरून राहणं. भिंतीतल्या विटा चुन्यानं धरून ठेवाव्यात तसं स्तनातल्या दुधाच्या नळ्यांच्या पेशींना एक प्रथिन धरून ठेवतं. त्याचं नाव ई-कॅढेरिन. जपानमध्ये क्योटो इथं मासातोशी ताकेइची यांनी प्रथिनांचं हे कुटुंब शोधलं. या चुन्याला घट्ट राहायला कॅल्शियम लागतं, म्हणून नावात कॅल्शियमचा 'कॅ' आहे. स्तनाच्या कर्करोगाचा लोब्युलर नावाचा एक प्रकार आहे. त्यात हे प्रथिन बहुतेक वेळा नाहीसं झालेलं असतं. त्या पेशी एकामागून एक रांगेत सुट्या सुट्या शिरत जातात. त्यामुळं तिथं हाताला टणक गाठ लागेलच असं नसतं, नुसता भाग जाड झाल्यासारखा वाटतो. बायांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मग चुना घट्ट तर फैलाव बंद, असं म्हणावं का? मलाही तसं वाटलं होतं. पण २०१९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटानं 'नेचर'मध्ये वेगळंच दाखवलं. स्तनाच्या कर्करोगाच्या, लोब्युलरहून वेगळ्या आणि अधिक आढळणाऱ्या प्रकारच्या पेशींमधून त्यांनी ई-कॅढेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या खऱ्या, पण प्रवासात जास्त मेल्याही, आणि उंदरांच्या फुप्फुसांत गाठी कमी झाल्या. म्हणजे जे प्रथिन पेशींना घरात धरून ठेवतं, तेच वाटेत सोबतही देतं. या विषयात एखाद्या रेणूला भला किंवा बुरा म्हणून मोकळं होता येत नाही. तो कोणत्या पायरीवर काय करतो ते पाहावं लागतं.

दुसरा टप्पा १९८८ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पॅट्रिशिया स्टीग आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांच्याकडं उंदराच्या एकाच गाठीपासून निघालेल्या पेशींचे वेगवेगळे वाण होते. काही वाण खूप पसरायचे, काही फारसे पसरायचे नाहीत. सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळा. स्टीग यांनी दोन्हींमध्ये कोणती जनुकं चालू आहेत याची तुलना केली. एक जनुक असं सापडलं, की न पसरणाऱ्या पेशींत ते जोरात चालू होतं आणि पसरणाऱ्या पेशींत मंदावलं होतं. त्याला नाव दिलं एनएम-२३. फैलाव दाबणारं हे पहिलं सापडलेलं जनुक.

यातली खरी गंमत समजून घ्यायला मला वेळ लागला. गाठीची वाढ रोखणारी जनुकं आधी माहीत होती. एनएम-२३सारखी जनुकं गाठीची वाढ रोखत नाहीत. गाठ आपल्या जागी वाढतच राहते, पण बाहेर जाऊन वसत नाही. म्हणजे वाढणं आणि पसरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि शरीरात दोन्हींना लगाम घालणारे वेगवेगळे आहेत. कारखान्यात यंत्राला एक ब्रेक आणि फाटकाला दुसरं कुलूप असावं, तसं.

त्यानंतर अशी जनुकं एकेक करून सापडत गेली. १९९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी डॅनी वेल्च यांच्या प्रयोगशाळेत एक सापडलं. हर्शी हे गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध. तिथल्या टोकदार चॉकलेटला 'किस' म्हणतात, म्हणून जनुकाचं नाव ठेवलं किस-वन. हे जनुक त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत घातलं, तर पेशी गाठीतून निघत होत्या, रक्तातून दूरच्या अवयवांत पोहोचतही होत्या, पण तिथं वाढत नव्हत्या. हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. पेशी उतरल्या आणि एकेकट्या बसून राहिल्या. आपाच्या भाषेत, बी पडलं पण उगवलं नाही. स्तनाच्या कर्करोगात मात्र याच जनुकाचं वागणं इतकं सरळ नाही, असं नंतर दिसून आलं.

२००० साली वेल्च यांच्याच गटानं बीआरएमएस-वन हे जनुक प्रसिद्ध केलं. त्याच्या नावातच स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव दाबणारं असा अर्थ आहे. ते पेशीच्या केंद्रात बसून फैलावाला मदत करणारी दुसरी काही जनुकं बंद ठेवतं. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या संशोधनात एमडीए-एमबी-४३५ नावाचा पेशींचा एक वाण जगभर वापरला जात होता. तो १९७६ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या शरीरातून काढला, असं सगळे मानत. पुढं तपासणीत दिसलं, की त्या पेशी जुळतात त्वचेच्या कर्करोगाच्या एका वाणाशी, आणि तो वाण होता एका पुरुषाचा! प्रयोगशाळेत कधी तरी अदलाबदल झाली असावी. अनेक वर्षांचं काम पुन्हा तपासून घ्यावं लागलं. बीआरएमएस-वनचे प्रयोग सुरुवातीलाच दुसऱ्या एका स्तन-कर्करोगाच्या वाणावरही केलेले होते, म्हणून ते टिकलं. मला या चुकीबद्दल वाचून विज्ञानाविषयी आदर कमी झाला नाही, वाढला. आपली चूक अशी नावनिशीवार छापणारी दुसरी मंडळी मी फारशी पाहिलेली नाहीत.

आता खालाच्या प्रश्नाकडं येतो. बारा वर्षं तो होता कुठं?

ऑपरेशनच्या आधीच काही पेशी निघून गेलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात, की कुठल्याही फोटोत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्या हाडांतल्या मगजात, फुप्फुसांत, यकृतात जाऊन बसतात आणि झोपतात. झोपतात म्हणजे मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. केमोथेरपीची औषधं मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात, म्हणून झोपलेल्या पेशी त्यातून वाचू शकतात.

त्यांना झोपवतं कोण, याचं एक सुंदर उत्तर २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथून आलं. सायरस घाजर आणि इराणमध्ये जन्मलेल्या मीना बिसेल यांनी उंदरांच्या फुप्फुसांत आणि हाडांच्या मगजात पाहिलं, की या झोपलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेल्या असतात. रक्तवाहिनी शांत, स्थिर असेल तर तिच्या भोवती थ्रॉम्बोस्पॉन्डिन-वन नावाचं प्रथिन असतं आणि ते पेशीला झोपवून ठेवतं. पण रक्तवाहिनीला नवा फुटवा येऊ लागला, की त्या टोकाशी हे प्रथिन कमी होतं, दुसरी प्रथिनं येतात आणि पेशी जागी होते. २०२१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी यकृतातला पहारेकरी दाखवला. आपल्या रक्तात नैसर्गिक मारक पेशी असतात, त्यांना एन.के. पेशी म्हणतात. त्या पुरेशा असतील तोवर यकृतात उतरलेल्या कर्करोगाच्या पेशी झोपून राहतात. यकृताला इजा होऊन आसपासच्या दुसऱ्या पेशी चवताळल्या, की एन.के. पेशी मंदावतात आणि पहारा ढिला पडतो.

मग जाग कशानं येते? २०१८ साली न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत मिकाला एगेब्लाड यांच्या गटानं एक कारण दाखवलं. उंदरांना तंबाखूच्या धुरात ठेवलं, तर फुप्फुसांत सूज येते. पांढऱ्या पेशी जंतू आले असं समजून आपल्याच डीएनएचं जाळं टाकतात. त्या जाळ्यात कापणारी विकरं असतात. ती भोवतालच्या लॅमिनिन या प्रथिनाचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांनी झोपलेली पेशी जागी होते. २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात फ्लू आणि कोविडच्या विषाणूंनीही उंदरांच्या फुप्फुसांतल्या अशा पेशी जागवल्या. माणसांच्या नोंदींतही कोविडनंतर असा धोका वाढल्याची चिन्हं त्याच संशोधकांना दिसली. उंदरात दिसलं म्हणजे माणसात तसंच होतं, असं नाही. पण ज्यांना हा आजार होऊन गेला आहे त्यांच्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढू नये आणि फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं, एवढं सांगायला याहून जास्त पुरावा कशाला हवा?

म्हणजे खालाची चूक नव्हती. तिनं काही खाल्लं म्हणून, कुठं गेली म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून हे झालं नाही. तिच्या शरीरानं बारा वर्षं पहारा दिला होता. ते बळ तिचंच होतं. हे तिला सांगायला हवं होतं, असं मला आज वाटतं.

आता आपाची गोळी. स्तनाच्या कर्करोगातल्या बहुसंख्य गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासाठी कुलपं असतात. इस्ट्रोजेनची चावी त्यात फिरली की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्या कुलपात अडकून बसते, म्हणजे चावी लागत नाही. पाळी गेलेल्या बायांना बहुधा दुसऱ्या जातीची गोळी देतात. ती शरीरात इस्ट्रोजेनच तयार होऊ देत नाही. आपाची गोळी त्यातली. झोपलेली पेशी उठली तरी तिला खुराक मिळू नये, असा हा बंदोबस्त. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली मांडलेला हिशेब सांगतो, की अशा गाठी असलेल्या बायांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पहिल्या पंधरा वर्षांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. गोळी पाचच वर्षं, पण गुण पंधरा वर्षं.

मग पाच वर्षांनंतर कशाला? याचंही उत्तर आकड्यांत आहे. २०१७ साली ६२,९२३ बायांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. या सगळ्यांनी पाच वर्षं गोळी घेतली होती आणि तोवर त्या ठणठणीत होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूर जाऊन उलटण्याचं प्रमाण पाहिलं. ज्यांची गाठ लहान आणि सौम्य होती आणि काखेत काही नव्हतं, त्यांच्यात ते शंभरात दहा निघालं. ज्यांची गाठ मोठी होती आणि काखेतल्या चार ते नऊ गाठींत आजार होता, त्यांच्यात शंभरात एक्केचाळीस. त्या बायांवरचे उपचार जुन्या काळातले होते, आज चित्र आणखी बरं असेल. पण म्हणूनच डॉक्टर एकीला सांगतात पाच वर्षं पुरे आणि दुसरीला सांगतात आणखी घ्या. शेजारणीची बंद झाली म्हणून आपली बंद करायची नसते. आपाच्या काखेतल्या चार गाठींत आजार होता.

बी झालं, आता माती. पॅजेटनं ज्या मातीकडं बोट दाखवलं होतं, तिच्यावरही आता औषध आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती बिस्फॉस्फोनेट औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. हाड झिजताना त्यातून वाढीची द्रव्यं सुटतात आणि तिथं बसलेल्या कर्करोगाच्या पेशींना ती खतासारखी मिळतात. झीज थांबली की खत थांबतं. २०१५ साली १८,७६६ बायांच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. पाळी गेलेल्या बायांमध्ये या औषधानं हाडांत आजार उलटण्याचं प्रमाण पाव हिश्श्याहून जास्त घटलं. पाळी चालू असलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. मातीत फरक असतो तो असा.

आणि एक गोष्ट आपल्या मुंबईतली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला, की ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो, त्या घडीला पेशी निसटत असतील तर? कर्करोगाच्या पेशींच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात आणि हलायला, घुसायला त्यांना या दारांची मदत होते, असं प्रयोगशाळांतून दिसलं होतं. दात काढताना हिरडी बधिर करायला आपल्याला लिडोकेनचं इंजेक्शन देतात. ते नेमकी हीच दारं बंद करतं. मग त्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत चाचणी घेतली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, आधी केमोथेरपी न घेतलेल्या १,५८३ बायांची त्यात गणना झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनी लिडोकेन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के बाया हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शंभरात चार म्हणजे थोडंच, असं कुणाला वाटेल. पण त्या चौघींच्या घरी जाऊन ते म्हणून पाहावं. आणि औषध कोणतं, तर गावातल्या दाताच्या दवाखान्यातही असणारं. हे दुसऱ्या देशांतल्या चाचण्यांतही पडताळून पाहायला हवं, आणि पेशीत नेमकं हेच घडतं का, याचाही शोध लागायला हवा. पण प्रश्न विचारणारा आपल्या मातीतला आहे, याचा मला आनंद आहे.

एनएम-२३ किंवा किस-वन जागं करणारी गोळी मात्र अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. जनुक सापडणं आणि औषध हातात येणं यांत फार अंतर असतं. तोवर आपल्या हातात जे आहे ते साधं आहे. गाठ लहान असताना सापडली तर तिच्यातून निघून गेलेल्या पेशीही कमी असण्याची शक्यता. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १,५१,५३८ बायांचा वीस वर्षं अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं बायांचे स्तन तपासले. २०२१ साली आलेले निष्कर्ष सांगतात, की पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, वीज नाही, शिकवलेला हात पुरला. आणि ज्यांना हा आजार होऊन गेला आहे त्यांनी कंबर, बरगडी, हाड दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखलं, खोकला किंवा धाप हटेना, डोकं सतत दुखायला लागलं, तर पहिल्याच भेटीत सांगायचं: मला अमुक साली स्तनाचा कर्करोग झाला होता. बारा वर्षं झाली असली तरी सांगायचं, वीस झाली असली तरी सांगायचं. आमच्याकडून हे राहून गेलं.

हे सगळं मी आपाला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. जनुकांची नावं गाळली, उंदरांची गोष्ट सांगितली, खालाचीही सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पीक काढलं तरी रानाची राखण सोडायची नाही."

मग आम्ही दोघं डॉक्टर बाईंकडं गेलो. तीन आठवडे गोळी घेतली नाही, हे आपानं स्वतःच सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, "बोटं दुखतात हे मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तेव्हाच बदलली असती." त्यांनी त्याच जातीची दुसरी गोळी दिली, ड जीवनसत्त्व तपासलं, रोज चालायला सांगितलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण भाकरी थापता येऊ लागली.

त्या रात्री जेवण झाल्यावर आपानं नवी पट्टी फोडली, गोळी पाण्याबरोबर घेतली आणि रिकामा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "हे खालाला कुणी सांगितलं नाही. तू बायांना सांग. रेडिओवर जातोस ना?"

म्हणून सांगितलं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)